भाऊजींचं नाक

दुपारचे तीन वाजले असतील. मी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते आणि माझी धाकटी जाऊ सुलभा अंगण ओलांडून अनवाणीच आली. आमची दोन घरं एकाच वाडीत, समोरासमोर. म्हणाली, “ताई, चहा ठेवू का म्हणून दोनदा विचारलं, हे बोलतच नाहीत.” तिचा सूर तक्रारीचा होता, म्हणून मी हसले. “रुसले असतील, काल केळफुलाची भाजी केली नाहीस म्हणून,” असं काहीतरी बोलले, हातातली शेंग सोलून पुरी केली आणि मग उठले. ती एक शेंग अजून माझ्या मनातून जात नाही... भाऊजी खुर्चीत होते. पेपर मांडीवर, चष्मा डोळ्यांवर. नाक्यावरचे डॉक्टर आले, त्यांनी मनगट हातात धरलं आणि थोड्या वेळानं हळूच परत मांडीवर ठेवलं. झालं. आयुष्यभर प्रचंड आवाजाच्या कारखान्यात उभा राहिलेला माणूस, आणि जाताना भिंतीपलीकडच्या बायकोलाही कळू दिलं नाही.

याला आता पाच आठवडे झाले. हरेश्वर माझे धाकटे दीर. उमेळ्यात आमची मोगऱ्याची आणि केळीची वाडी. आता तिच्या तिन्ही बाजूंनी इमारती उठल्यात, पण वाडी आहे अजून. भाऊजी मात्र वाडीतले असून वाडीत रमले नाहीत. खाडीपलीकडे, ठाण्याच्या पुढे एक मोठा पेट्रोकेमिकल कारखाना होता, तिथे ते ऑपरेटर म्हणून लागले आणि शिफ्टचे मुख्य म्हणून निवृत्त झाले. बाराव्याला त्या कारखान्यातली आठ-दहा माणसं जीप करून आली होती. त्यातला दिनेश नावाचा, भाऊजींच्या हाताखाली शिकलेला आणि आता स्वतः शिफ्ट सांभाळणारा, माझ्याशेजारी येऊन बसला. “काकू, आम्ही त्यांना काय म्हणायचो, तुम्हाला माहीत नसेल.”

“माहीत आहे. हुंग्या.”

त्यानं मान खाली घातली. “तोंडावर नाही म्हणायचो.”

“तोंडावरच म्हणायचात. घरी येऊन तेच सांगायचे आणि आमच्याहून जास्त हसायचे.”

तेव्हा तो डोळे पुसत पुसत हसला. मला वाटलं, हे नाकाचं प्रकरण लिहून ठेवलं पाहिजे. कारखान्यातली माणसं अर्धं जाणतात, घरची अर्धं. दोन्ही अर्धी मला ठाऊक आहेत.

मी लग्न होऊन उमेळ्याला आले तेव्हा भाऊजी वसईच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते. मी चौथी पास. दुपारी मी कळ्या निवडत बसायची आणि हे शेजारी बसून मोठ्यानं पाठ करायचे. एकदा ते अडले आणि पुढचं वाक्य मी म्हटलं! ऐकून ऐकून झालं होतं मला. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “वयनी, तुम्ही वाचायला लागा.” आमच्या घरच्या बोलीत वहिनीला वयनी म्हणतात. तेव्हापासून वाचनालयाचं एक पुस्तक त्यांच्यासाठी आणि एक माझ्यासाठी यायला लागलं. आज मी हे जे लिहिते आहे, त्यातल्या चुका माझ्या आणि लिहायची हिंमत त्यांची.

नोकरी लागली तेव्हाची गंमत सांगते. सासूबाई म्हणाल्या, “कटे लागली नोकरी? तटे काय करायचं?” भाऊजींनी बिचाऱ्यांनी सोपं करून सांगितलं, “आई, तेल तापवायचं, त्याची वाफ करायची, वाफ थंड करून एकेक वस्तू वेगळी काढायची.” सासूबाईंचा डाव हातातच राहिला. “म्हणजे दारूची भट्टीच ना रे? त्यासाठी तुला कॉलेजात घातला?” खाडीच्या कडेनं हातभट्ट्या कुठे कुठे लागतात ते गावात कोणाला ठाऊक नव्हतं? मग त्यांनी भाऊजींना शपथ घातली, मुलगी बघायला जाऊ तिथे तापवणं आणि वाफ हे दोन शब्द काढायचे नाहीत. सुलभाच्या घरी, सांडोरला, तिच्या वडिलांनी विचारलंच, “नक्की काय काम असतं?” भाऊजी आईकडे बघून म्हणाले, “वेगळं करायचं काम.” सुलभाच्या वडिलांना वाटलं, हा मुलगा लग्नाआधीच वेगळं घर करायचं बोलतोय! ते निस्तरायला आमच्या ह्यांना अर्धा तास लागला.

पण मला त्यांनी सगळं नीट समजावलं, माझ्याच स्वयंपाकघरात. नाफ्ता म्हणून पेट्रोलचा भाऊ शोभेल असं पातळ तेल असतं. ते वाफेबरोबर भट्टीच्या नळ्यांतून असं पळवायचं की डोळ्याची पापणी लवायच्या आत ते आठशे अंशांच्या वर तापून आतून मोडलं पाहिजे, आणि मोडलं की लगेच थंड केलं पाहिजे, नाहीतर त्याचा कोळसा होतो. मोडलेल्यात दहा जिन्नस एकत्र असतात. कशाचं प्लास्टिक होतं, कशाचं रबर, कशाचा रंग. ते एकमेकांपासून सोडवायचे म्हणजे उंच उंच खांब, त्यांना कॉलम म्हणतात. “तुमचं इडलीपात्र घ्या,” ते म्हणाले, “त्याच्या ताटल्यांना भोकं आहेत ना? तशा पन्नास-साठ ताटल्या एकावर एक रचा. खालून वाफ चढते, वरून पातळ उतरतं, प्रत्येक ताटलीवर दोघांची गाठ पडते. हलकं असेल ते वर जातं, जड असेल ते खाली बसतं.” आणि सगळ्यात नवल मला कशाचं वाटलं, तर वर जे शुद्ध म्हणून येतं ते सगळं बाहेर काढत नाहीत. त्यातलं बरंचसं परत खांबाच्या डोक्यावरून आत सोडतात. मी म्हटलं, “अहो, एवढं शुद्ध केलेलं पुन्हा घाणीत कशाला?” म्हणाले, “ते उतरताना वर येणाऱ्या वाफेतलं जड तेवढं धुऊन नेतं, वयनी. घाई करून सगळं काढून घेतलं की माल बिघडलाच.” त्या दिवशी मला त्यांचं काम कळलं आणि थोडे तेही कळले. कोणाला चार गोष्टी पुन्हा पुन्हा सांगताना मी त्यांना कधी वैतागलेलं पाहिलं नाही.

नव्वदनंतर केव्हातरी कारखान्यानं घरच्या माणसांना एक दिवस बोलावलं होतं. चिंचोटी फाट्यावरून कंपनीची बस. मी आणि सुलभा नवी लुगडी... म्हणजे साड्याच, पण सासूबाई गेल्यावरही तोंडात तोच शब्द... नेसून गेलो. डोक्यावर पिवळ्या टोप्या घातल्या आम्हाला! नारळाच्या झाडांची सवय असलेले डोळे माझे, पण ते खांब बघून मान दुखली. एकीकडे भट्टी धगधगतेय आणि दोनशे पावलांवर नळांवर बर्फ धरलेला. कारण काही वायू सोडवायला इतकं थंड करावं लागतं की आपला बर्फ त्यापुढे गरम. आणि या सगळ्यातून भाऊजी चालत होते आमच्या वाडीतून चालावं तसे. मध्येच थांबले. मान जरा वळवली, दोन पावलं मागे गेले आणि एका नळाच्या जोडाकडे बोट दाखवून फिटरला म्हणाले, “हा पाझरतोय.” फिटरनं गॅस मोजायचा मीटर आणून लावला, आणि खरंच काटा हलला. त्यांचे साहेब आम्हाला म्हणाले, “आमच्याकडे एवढी यंत्रं आहेत, पण ह्यांचं नाक आधी बोलतं.” सुलभा लाजली. मी अजिबात लाजले नाही. आल्यावर गावभर सांगितलं.

एक सांगायला हवं, ते बाटलीतला नमुना नाकाशी नेऊन कधीच हुंगायचे नाहीत आणि कोणाला हुंगू द्यायचे नाहीत. “ते शरीरात जातं आणि राहतं,” म्हणायचे. त्यांचं नाक चालायचं ते चालता चालता, वाऱ्यावर. इतक्या वर्षांत लोकांना त्याची सवयच झाली. कुठे वेल्डिंग करायचं असलं की नियमानं आधी मीटर लावायचा, कागदावर सही घ्यायची. पण भाऊजी शेजारून जाऊन “काही नाही, चला” म्हणाले की पोरांचा जीव भांड्यात पडायचा. मीटर मग लागायचा, कधी नंतर, कधी नावाला.

आणि मग त्या नाकाला काय झालं कोण जाणे. एका हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला, सर्दी महिनाभर हटली नाही. त्यानं झालं, की इतक्या वर्षांच्या कामानं झालं, डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकले नाहीत. आम्हाला तर काही झालंय हेच कळलं नाही. सुलभाची डाळ एकदा खाली लागली आणि हे म्हणाले, “वा, आज मस्त झालीय.” ती हसली, तिला वाटलं टोमणा. सुके बोंबील जळून सगळी वाडी भरली आणि हे शेजारच्या खोलीत शांतपणे शब्दकोडं सोडवत होते. मी मनात म्हटलं, म्हातारे व्हायला लागले भाऊजी.

ती दुपार मात्र लख्ख आठवते. सुलभा माहेरी, सांडोरला गेली होती. भाऊजी सकाळची पाळी करून आले होते. मी म्हटलं एकटे आहेत, तर वाटीभर अळूवड्या न्याव्यात. दारात पाऊल टाकलं आणि गॅसचा वास असा आला की डोळ्यांना झोंबला. भाऊजी शेगडीसमोर उभे. एका हातात काड्याची पेटी, दुसऱ्या हातात काडी.

“भाऊजी, काडी ओढू नका!”

मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या इमारतीतली बाई गॅलरीत आली. वाटी कुठे पडली मला माहीत नाही. भाऊजी जागच्या जागी थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना एका क्षणात सगळं कळलं. पण पुढचं बघा. काडी परत पेटीत ठेवली. शेगडीची कळ बंद केली, मग सिलिंडर बंद केला. “वयनी, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, पंख्याच्याही. बाहेर व्हा.” दारं-खिडक्या उघडल्या, हा गॅस जड, जमिनीलगत बसतो म्हणून वाकून पुठ्ठ्यानं दाराबाहेर वारा घातला, आणि मग बाहेर येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसले. झालं होतं एवढंच की चहासाठी कळ फिरवली, तेवढ्यात फोन वाजला. कारखान्याचाच. दहा मिनिटं बोलून परत आले आणि कळ उघडी आहे हे विसरून काडी काढली.

मग म्हणाले, “मला काहीच आलं नाही, वयनी.”

“कधीपासून?”

“पाच-सहा महिने.”

“सुलभाला ठाऊक आहे?”

“नाही.” मग हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. “गंमत बघा. गॅसला स्वतःचा वास असा नसतो. त्यातली गंधकाची घाण आधी मोठ्या खटपटीनं धुऊन काढतात. आणि शुद्ध झाला की घरातल्या माणसाला कळावं म्हणून मुद्दाम थेंबभर वासाचं औषध त्यात घालतात. पन्नास पोरांना मी हे शिकवलंय...”

फोन कशाचा होता तेही त्यांनीच सांगितलं. कारखान्यात नवा कॉलम उभा राहत होता, आधीच्यापेक्षा चोख माल काढणारा. पुढच्या महिन्यात तो सुरू करायचा होता आणि तो सुरू करायचं काम भाऊजींवर सोपवलं होतं. माझ्याशी तीन महिने तेच बोलत होते ते. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरलेली, असं काम पुन्हा हाती येणार नव्हतं. नाकाचं कळलं असतं तर प्लँटमध्ये फिरणं बंद, टेबलावर बसायचं.

“आता जागोजागी मीटर आहेत, वयनी. कॉम्प्युटर आहेत. नाकावर कोण चालवतं कारखाना?”

मी शिकलेली बाई नाही, पण त्यांनीच मला इतकं सांगून ठेवलं होतं की प्रश्न आपोआप तोंडात आला. “या सहा महिन्यांत तुम्ही पोरांना किती वेळा म्हणालात, काही नाही, चला?”

ते पायरीवरची मुंगी बघत बसले.

मी म्हटलं, “मी सुलभाला सांगणार नाही. कोणालाच नाही. पण तुम्ही तिथे सांगा.”

“आणि कॉलम?”

“तो कोणीही सुरू करील.”

हे मी बोलायला नको होतं. खरं असलं तरी नको होतं. ते उठले आणि आत गेले. पुढचे चार दिवस आमच्या घराकडे फिरकले नाहीत, अंगणात समोर आले तरी विहिरीकडे बघत जायचे. मला वाटायचं, मी कोण यांच्या हातातलं काढून घेणारी? यांच्यामुळे मला चार अक्षरं आली, आणि त्या अक्षरांचा मी हा उपयोग केला? पण डोळे मिटले की ती काडी दिसायची, आणि त्यांच्या जागी कुणाचा तरी कोवळा मुलगा वेल्डिंगची ठिणगी पाडताना दिसायचा...

पाचव्या दिवशी काय झालं ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. ते दिनेशनं बाराव्याला सांगितलं. भाऊजी आधी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, आता गाजावाजा नको, कॉलम सुरू होऊ दे, मग बघू. भाऊजी बरं म्हणाले नि बाहेर आले. पाळी बदलायची वेळ होती, येणारे-जाणारे सगळे एकत्र जमलेले. तिथे उभं राहून म्हणाले, “माझं नाक गेलंय. सहा महिने झाले. या सहा महिन्यांत मी ज्याला ज्याला चला म्हणालो, त्याला मी न कळता म्हणालो.” कुणीतरी मागून म्हणालं, “हुंग्याचं नाक गेलं, आता मुंबई बंद!” सगळे हसले. सगळ्यांचं हसणं थांबेपर्यंत भाऊजी थांबले. मग रोजच्या नोंदवहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं, माझ्या तोंडी शब्दावर कोणीही काम सुरू करू नये, मीटर लावावा, आणि खाली सही केली. “ते लिहीत होते ना काकू,” दिनेश म्हणाला, “तेव्हा पेनाचा आवाज ऐकू येत होता.”

कॉलम दिनेशनं सुरू केला. भाऊजींना साहेबांनी नव्या पोरांना शिकवायला बसवलं, पण कॉलम सुरू व्हायच्या दिवशी ते सुट्टी असून गेले. पॅनलसमोर बसलेल्या दिनेशच्या मागे, हात पाठीशी बांधून उभे. “मी दोनदा वळून बघितलं, आता काय करू म्हणून,” दिनेश म्हणाला. “दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली नाही. फक्त म्हणाले, घाई नको, वरचं परत सोड. तिसऱ्या दिवशी माल चोख आला आणि मी त्यांचे पाय धरायला गेलो, तर म्हणाले, आधी मीटर बघून ये.” त्यानंतरची दोन वर्षं त्यांनी पोरांना इतकं छळलं म्हणे, की ती पाठीमागे शिव्या घालायची. मीटरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कागदावर सही नाही. मग कोणी काही का म्हणेना. त्यांच्या वेळी तिथे काही वाईट घडलं नाही, म्हणून त्यांची कुठे बातमीही आली नाही. म्हणून मी लिहितेय.

ते माझ्याशी बोलायला कधी लागले ते सांगायचं राहिलं. नोंदवहीत लिहिलं त्याच संध्याकाळी मागच्या दारानं आले, पडवीत उभे राहिले आणि म्हणाले, “वयनी, अळूवड्या राहिल्यात तुमच्याकडे माझ्या.” चार दिवसांच्या शिळ्या अळूवड्या कुठून आणू? मी रडत रडत नव्या केल्या. त्यांना त्यांचा वास आला नसणार. सगळ्या खाल्ल्या.

निवृत्तीनंतर एक नवीनच सुरू झालं. सुलभाला नाकाचं त्यांनी तोवर स्वतःच सांगितलं होतं. ती पहाटे कळ्या काढायला हाकेच्या अंतरावर वाडीत जायची, सकाळचा पहिला चहा भाऊजी करायचे. शेगडी पेटवायच्या आधी दारात येऊन हाक, “वयनी, या जरा!” मी हातातलं टाकून अंगण ओलांडायची, त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून श्वास घ्यायची आणि सांगायची, पेटवा. मग एवढ्यानं त्यांचं भागेना. “आज काय काय आहे?” म्हणायचे. म्हणजे कसले कसले वास आहेत ते सांगा! मी सांगायची. मोगऱ्याचा आज कमी आहे, ऊन झालं नाही काल. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर सुकट भाजतायत. शेणखत आलंय. कुणीतरी नवा रंग लावलाय, त्याचा वास. “कसा आहे रंगाचा? गोडसर? म्हणजे टोल्युईन, आमच्या कारखान्यातलंच,” ते खूश व्हायचे, जुना मित्र भेटल्यासारखे. पावसात, थंडीत, माझे गुडघे दुखत असले तरी, आम्ही हे चुकवलं नाही. माझ्या साठ वर्षांत माझ्या नाकाला एवढा मान कोणी दिला नव्हता.

ते गेल्यावर तेरा दिवस चूल आमच्याच घरी होती. चौदाव्या दिवशी सुलभा तिच्या घरात गेली. मी मुद्दाम गेले नाही, म्हटलं तिला एकटीला थोडं असू दे. थोड्या वेळानं हाक आली, “ताई, या जरा!” मी जाऊन उंबऱ्यावर उभी राहिले. ती शेगडीसमोर, हातात काड्याची पेटी. तिचं नाक माझ्यापेक्षा कितीतरी तिखट, बंद डब्यातली साय आंबलेली तिला उंबऱ्यावरून कळते. तरी ती काडी न काढता उभी होती, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “आज काय काय आहे?”

मी श्वास घेतला. म्हटलं, “मोगरा आहे. ओल्या मातीचा आहे, विहिरीकडचा. त्यांच्या सदऱ्याचा थोडा आहे, खुंटीवरच्या... गॅस नाही. पेटव.”